स्पेक्ट्रमच्या कॅसेटची टॅप फाइल एम्युलेटरमध्ये चालत नाही. टीझेडएक्स केल्यास चालेल का?

हिंगणघाटजवळच्या गावी आपल्या काकांच्या पेटीत स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या कॅसेटी सापडल्या, त्या आपण संगणकावर उतरवून टॅप फाइली (कॅसेटवरील माहितीच्या प्रती) केल्या, आणि त्यांतील काही एम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालत नसल्याने त्यांचे टीझेडएक्स या दुसऱ्या फाइलप्रकारात रूपांतर करावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की टॅपवरून टीझेडएक्स केल्याने काहीही परत मिळणार नाही. आपल्याला मूळ वेव्ह फाइलकडेच, म्हणजे कॅसेटच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणाकडेच, जावे लागेल.

कॅसेटवर असतात त्या कमी-अधिक लांबीच्या पल्स, म्हणजे संकेताचे ठोके. स्पेक्ट्रमच्या रॉमच्या (संगणकात कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामच्या) नेहमीच्या पद्धतीत शून्यासाठी ८५५ टी-स्टेटच्या (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे एक आवर्तन) दोन आणि एकासाठी १७१० टी-स्टेटच्या दोन पल्स असतात. प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा असल्यामुळे ही लांबी अनुक्रमे सुमारे पाव आणि अर्धा मिलिसेकंद भरते. टॅप फाइल ही लांबी ठेवतच नाही; तिच्यात प्रत्येक ब्लॉकची (माहितीच्या तुकड्याची) लांबी, ब्लॉकचा प्रकार सांगणारा एक फ्लॅग बाइट, माहिती आणि शेवटी एक्सॉर या बिटांवरील क्रियेने काढलेला चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, एवढेच असते. साध्या ‘सेव्ह’ आज्ञेने साठवलेल्या बेसिक प्रोग्रामला ते पुरते. बाजारातील अनेक खेळ मात्र स्वतःचा वेगवान लोडर (फितीवरून खेळ वाचून घेणारा प्रोग्राम) वापरत आणि पल्सची लांबी स्वतः ठरवत; स्पीडलॉक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. टीझेडएक्समध्ये पायलट (ब्लॉकआधीचा लांब सूर), सिंक (माहिती सुरू होण्याची खूण) आणि बिटांच्या वेळा ब्लॉकगणिक नोंदवता येतात, म्हणून असे खेळ वेव्हवरून थेट टीझेडएक्समध्येच न्यावेत. फ्यूज एम्युलेटरच्या साधनसंचातील ‘ऑडिओटूटेप’ हे काम करते.

साधा बेसिक प्रोग्रामसुद्धा चालत नसेल, तर दोष बहुधा ध्वनिमुद्रणात असतो. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात राहून हेच काम करतो, त्यामुळे इकडच्या कॅसेटींचे हाल जाणतो: उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत आणि पावसाळाभर ओलीत राहिल्याने फितीवर बुरशी धरते आणि दाबपट्टीचा फेल्ट सुटतो. फेल्ट नीट बसवावा, फीत वाचणारे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, आणि हेडचा तिरपेपणा त्याच्या बारीक स्क्रूने आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत सावकाश जुळवावा. डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवावे. मोबाइल स्पीकरसमोर धरून आवाज घेऊ नये आणि एमपी३ तर मुळीच करू नये, कारण ते पल्सच्या कडा बिघडवते. ४४,१०० हर्ट्झवर दोन्ही चॅनल वेगवेगळे घ्यावेत. एका चॅनलवर तुटलेला बिट दुसऱ्यावर पुष्कळदा शाबूत असतो. वीज गेली की काम थांबवायचे कारण नाही, उलट टेपरेकॉर्डर सेलवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यास ५० हर्ट्झची घरघरही येत नाही.

चेकसम जुळत नसलेला ब्लॉक लगेच टाकून देऊ नये. त्या काळी लोक एकच प्रोग्राम फितीवर दोनदा साठवत, त्यामुळे दुसरी प्रत शोधून दोन्ही बाइटगणिक ताडून पाहाव्यात. वेगवेगळ्या बाइटांतील एकाच स्थानावरचे दोन बिट चुकले तरी एक्सॉर जुळतो, म्हणून चेकसम बरोबर आला तरी प्रोग्रामची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

एक खबरदारी मुद्दाम सांगतो. कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या संगणकाच्या फाइलींचेही विस्तारनाव टॅपच असते, पण त्यांच्या सुरुवातीला ‘सी६४-टेप-रॉ’ ही खूण असते आणि आत पल्सच्या लांबीच साठवलेल्या असतात. कोठून तरी मिळालेली टॅप फाइल स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरमध्ये उघडत नसेल तर आधी हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हे पाहावे.

आपल्याकडे वेळ थोडा असेल तर काकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम आधी उतरवावेत. बाजारातील खेळ इतरांनी बहुतेक जपून ठेवलेले आहेत. डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून भारतात विकलेल्या स्पेक्ट्रम प्लसवर इथल्या माणसांनी काय लिहिले, ते मात्र बहुधा अशाच कॅसेटींत उरले आहे. त्यांच्या वेव्ह फाइली पुसू नयेत. पाच मिनिटांची एकपदरी (एकाच चॅनलची) १६ बिटी फाइल सुमारे २६ मेगाबाइट भरते. जागा अपुरी पडली तर फ्लॅक या आकार कमी करणाऱ्या ध्वनिफाइलप्रकारात साठवावी, त्यात आवाजाचा एकही नमुना गमावत नाही.