जुन्या भागांची गिटार: आधी नेक, मग बाकीचे

प्रश्न: मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. एका मित्राकडे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीची बॉडी (लाकडी धड) पडून आहे आणि ती तो मला फुकट देतो आहे. उरलेले भाग सेकंडहँड घेऊन १२,००० रुपयांत इलेक्ट्रिक गिटार जुळवता येईल का? पैसे कशावर अधिक खर्च करावेत?

उत्तर: जुळवता येईल. मात्र पैसे वाचवणे एवढाच हेतू असेल, तर तेवढ्या रकमेत चालू स्थितीतली एखादी जुनी गिटार शोधणे अधिक किफायतशीर ठरेल, हे आपल्याला आधीच सांगणे योग्य होईल. सुटा भाग विकणारा प्रत्येक जण स्वतःचा नफा आणि कुरिअरचा खर्च लावतो, आणि शेवटी स्क्रू, स्प्रिंगा, प्लेटा अशा किरकोळ वस्तूंतच अंदाजपत्रक कोलमडते. जुळवलेली गिटार विकायला काढली, तर भागांच्या किमतीची बेरीजही सहसा वसूल होत नाही. हे ठाऊक असूनही वाद्य आतून समजून घेण्याची हौस असेल, तर जरूर हात घालावा, आणि त्यासाठी स्ट्रॅटोकास्टरइतकी सोयीची गिटार दुसरी नाही.

१९५४ साली बाजारात आलेल्या या गिटारची नेक, म्हणजे बोटे ठेवायची लांब मान, बॉडीला चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी बसवलेली असते, आणि पिकअप (तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे भाग) व वायरिंगचा बहुतेक पसारा समोरच्या प्लॅस्टिकच्या पिकगार्डवरच असतो. त्यामुळे एका गिटारचे भाग दुसरीला लावणे मुळातच सोपे आहे. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन याची ‘ब्लॅकी’ ही प्रसिद्ध गिटार अशीच तयार झाली. १९७० मध्ये नॅशव्हिल येथे त्याने काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या आणि त्यांतल्या तीन गिटारींचे उत्तम भाग निवडून एक गिटार केली. निवडीला इतका वाव आपल्याला मिळणार नाही, म्हणून तो जिथे खरोखर हवा तिथेच राखून ठेवावा, आणि ती जागा म्हणजे नेक.

माझ्या मते निम्म्याच्या आसपास रक्कम नेकसाठी बाजूला काढावी. पिकअप पुढे कधीही बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, पण पिळवटलेली नेक घरच्या घरी सरळ होत नाही. ती शक्यतो प्रत्यक्ष पाहूनच घ्यावी. नटच्या (खुंट्यांजवळच्या, तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) बाजूने डोळा लावून दोन्ही कडा पाहाव्यात. त्या एकमेकींना समांतर दिसत नसतील, तर नेक पिळवटली आहे असे समजून ती परत द्यावी. थोडासा पुढे-मागे आलेला बाक हा दोष नव्हे, कारण तो ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळईने) दुरुस्त होतो. मात्र तो रॉड विक्रेत्यासमोर किल्लीने पाव फेरा फिरवून पाहावा. तो आधीच शेवटापर्यंत आवळलेला किंवा जाम असेल, तर पुढच्या पावसाळ्यात दमट हवेने लाकूड हलल्यावर आपल्या हाती काही उरणार नाही. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांनी खोल खाचा पाडलेल्या असतील, तर फ्रेट घासून सपाट करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. नट बदलावा लागला, तर मिरज आपल्या जवळच आहे. सतार-तंबोऱ्याच्या घोड्या कानसने घासून जवारी काढणाऱ्या कारागिराला हाडाचा नट कापणे अवघड जाऊ नये. फक्त जाडीप्रमाणे खाचा पाडता याव्यात म्हणून तारांचा नवा संच सोबत न्यावा.

नेक घेण्यापूर्वी मित्राची बॉडी मोजून घ्यावी. नेक बसते तो खळगा साधारण ५६ मिलिमीटर रुंद असावा. नेकची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे ३२४ मिलिमीटर असावे; बाराव्या फ्रेटपासून ब्रिजच्या (बॉडीवरच्या घोडीच्या) सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या जागेपर्यंत, जवळपास तेवढेच अंतर जुळले, तरच स्वर जागेवर येतात. स्वस्त गिटारींच्या बॉडी कधी कधी ४५ मिलिमीटरपेक्षा बऱ्याच पातळ असतात, आणि मग ट्रेमोलो ब्रिजचा (दांड्याने हलवता येणाऱ्या घोडीचा) खालचा ठोकळा पाठीमागून बाहेर डोकावतो. स्क्रूची नवी छिद्रे पाडण्याआधी दोन्ही कडेच्या तारा सैलसर लावून त्या नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर धावतात का, ते पाहावे.

पिकअप जुने घेतले तरी चालतील, पण मल्टिमीटर जवळ ठेवावा. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा, पिकअप सर्वसाधारणपणे ५ ते ७ किलोओहम रोध दाखवतो. काहीच वाचन आले नाही, तर आतली तार तुटलेली आहे. स्वतः तार गुंडाळून पिकअप बनवण्याच्या मोहात मात्र पडू नये. वडिलांच्या मदतीने १९६३ मध्ये घरीच गिटार बनवायला घेणाऱ्या, पुढे ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक झालेल्या ब्रायन मे याने शेकोटीच्या चौकटीचे जुने लाकूड आणि मोटरसायकलच्या स्प्रिंगा वापरल्या, पण पिकअप त्यानेही शेवटी बर्न्स कंपनीचे विकतच आणले. व्हॉल्यूम-टोनचे २५० किलोओहमचे पॉट (फिरवून आवाज कमी-जास्त करण्याचे नियंत्रण), कपॅसिटर आणि जॅक नवेच घ्यावेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे ते मिळू शकतात, आणि जुन्या पॉटची खरखर सहन करण्याइतकी त्यांत बचत होत नाही.

प्रश्न: मी अशीच एक गिटार जुळवली आहे. अॅम्प्लिफायर लावल्यावर सतत गुणगुण ऐकू येते, आणि तारांना हात लावला की ती कमी होते. वायरिंग चुकले आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: बहुधा नाही. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्झ विजेचे क्षेत्र पकडतात, आपले शरीरही त्यात भर घालते, आणि तारांना स्पर्श होताच ती भर जमिनीला जोडली जाते. म्हणजे ब्रिजला जोडलेली ग्राउंडची तार शाबूत आहे. पिकगार्डखालच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडल्यास फरक पडेल. हात लावल्यावर आवाज वाढत असता, तर जॅकवरच्या दोन तारांची अदलाबदल झाली असल्याची शंका घ्यावी लागली असती.

तारांना हात लावताना किंचितही झिणझिण्या आल्या, तर मात्र वाजवणे तत्काळ थांबवावे. गिटारच्या तारा केबलमधून थेट अॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. तेव्हा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवत असाल, तर तो काढून टाकावा आणि अॅम्प्लिफायर व घरातल्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्यावरच पुन्हा गिटार जोडावी.