फोन त्यानेच करायचा

कॅनडातल्या मिसिसागाहून एकीचं पत्र आलंय. त्यात प्रश्न पाच-सहा आहेत, पण खरा एकच, आणि तो तिने जाता जाता लिहिल्यासारखा लिहिलाय. आधी तिचंच ऐका.

"काकू, दर डिसेंबरात आम्ही नाशिकला येतो. तीन आठवड्यांत दोन लग्नं, ह्यांच्या मावशीकडे जेवण, आत्याकडे जेवण, बँकेत केवायसी, दातांचा डॉक्टर. परतीच्या विमानात मला हमखास कणकण असते. या वर्षी दोघांनीच आठवडाभर मेक्सिकोत कॅनकुनला, समुद्रावर जावं असं फार मनात आहे. पण आईंना कसं सांगायचं? हे म्हणतात, तूच बोल, तुझं तिच्याशी छान जमतं."

छान जमतं म्हणे! अगं, परदेशातल्या प्रत्येक मुलाने हे वाक्य एकदा तरी बायकोच्या गळ्यात घातलेलं आहे. ऐकायला कौतुक वाटतं, पण ते काम अंगावरून झटकणं आहे.

पुढे काय होतं ते सांगते. तू फोन करतेस, गोड बोलतेस. आई म्हणतात, "जा की गं, मजा करा." फोन ठेवतात आणि संध्याकाळी फिरायला गेल्यावर मैत्रिणींना सांगतात, "या वर्षी सुनेला समुद्रावर जायचंय." झालं. तिकिटं त्याने काढलेली, हॉटेल त्याने निवडलेलं, समुद्राची हौसही निम्मी त्याचीच, तरी नाव तुझं.

माझे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. एका हिवाळ्यात दोघं फ्लोरिडाला गेली. बेत सगळा दिरांचा, पण सासूबाईंना कळवलं जाऊबाईंनी. त्यानंतर घरात मुंज असो, बारसं असो, सासूबाई पाहुण्यांना आवर्जून सांगायच्या, "त्या वर्षी हिचं फ्लोरिडा होतं ना, म्हणून आले नाहीत दोघं." दीर शेजारी बसून मठ्ठ्यात जिलबी बुडवत असायचे. तोंडातून अक्षर नाही.

यात सासूबाई वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. आता मी स्वतः सासू आहे. मुलगा कॅलगरीला आणि आम्ही दोघं इथे गंगापूर रोडला. "या डिसेंबरात येत नाही" हे त्याने स्वतः फोन करून सांगितलं तेव्हा मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. दिवाळीपासून खोली आवरून ठेवली, मेथीच्या लाडवांचा डिंक आणला, हे सगळं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विषय तिथे मिटला. हेच सूनबाईने सांगितलं असतं तर मी काय बोलणार होते? सुनेला रागावता येत नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. मग तो राग पोटात राहतो आणि भलत्याच दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणून बाहेर पडतो. पोटच्या पोराला बोलायची सोय असते. ती सोय आईची काढून घेऊ नका. फोन त्यानेच करायचा, आणि तोही एकट्याने. स्पीकरवर टाकून मागून तू "हो ना आई" म्हणायचं नाही.

पुढे तू लिहितेस, "हे असंही म्हणतात की सांगायलाच नको, ऑफिसचं काम निघालं म्हणू." कमाल आहे तुझ्या नवऱ्याची! पुण्याची भाची तुमचे फोटो आईंच्या आधी बघणार, आणि नाही बघितले तरी पुढच्या व्हिडिओ कॉलला दोघांची नाकं सोललेली दिसणार. जानेवारीत टोरांटोच्या ऑफिसात बसून असं ऊन लागत नसतं, एवढं नाशिकच्या माणसांना कळतं.

तिसरी शक्कल, "नाशिकला येऊन तिथूनच दोघं गोव्याला जाऊ." हे तर मुळीच करू नका. माझ्या भावाने असाच तारकर्लीचा बेत आखला होता. बोलता बोलता त्यात वहिनीची आई आली, मग आत्या आली, मग शेजारची मुलं आणि शेवटी सतरा सीटरची टेम्पो ट्रॅव्हलर. समुद्र दोघांनी गाडीच्या खिडकीतून बघितला. शिवाय नाताळात गोव्याची गर्दी आणि भाव, दोन्ही डोळे पांढरे करणारे.

तर त्याने बोलायचं काय? थंडीचं कारण मुळीच सांगायचं नाही. तुमचा डिसेंबर मला माहीत आहे गं, मिनेसोटात आम्ही काढलेत. पावणेपाचलाच सूर्य बुडालेला, अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परतायचं. पण इथे निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षवाले बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून घड जपतात. आई म्हणतील, थंडी आम्हालाही आहे, स्वेटर घाला. आणि तुझे सासरे नकाशा काढणारे असतील तर संपलंच. नाशिक विसाव्या अक्षांशावर आणि कॅनकुन एकविसाव्या, म्हणजे ऊन साधारण त्याच तिरपेचं. ते विचारतील, एवढं ऊन हवंय तर घरी का येत नाही? यावर उत्तर नाही. त्यापेक्षा जे आहे ते सांगावं: आई, आम्हा दोघांना थोडे दिवस एकत्र राहायचंय.

आणि नकार देण्याआधी येण्याची तारीख सांगायची. मार्चची तिकिटं आधी काढा, मग फोन करा. "बघू, जमलं तर मार्चमध्ये" असलं काही नको, थेट तारीख. मार्चचं भाडं नाताळापेक्षा बरंच कमी असतं, द्राक्षं ऐन भरात असतात, आणि रंगपंचमी गाठता आली तर लेकीला जुन्या नाशकातल्या रहाडी बघायला मिळतील. रंगाने भरलेल्या त्या दगडी हौदात माणसं धपाधप उड्या मारतात, ते एकदा बघितलं की कॅनकुनला नेलं नाही हे ती विसरेल. हिवाळ्यात तुमच्याकडे शनिवारी रात्री नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे रविवारचे सकाळचे साडेसात. चहा झालेला असतो, पेपर हातात असतो. तीच वेळ धरा. दुपारची नको, झोपमोड झाली की होकाराचाही नकार होतो.

बाकीचं भराभर सांगते. पासपोर्ट भारतीय आणि कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, असेल तर मेक्सिकोला पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी त्यांच्या वकिलातीचे ताजे नियम बघा. विमान थेटच घ्या. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. पीआर कार्डाची मुदत तपासा, नाहीतर परतीच्या विमानात बसू देणार नाहीत. शाकाहारी असाल तर तिथल्या घोटलेल्या राजम्याबद्दल विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका, त्यात बहुधा डुकराची चरबी असते. पोहण्याच्या पोशाखाचं विचारलंस, "या वयात शोभेल का?" तुला तिथे कोण ओळखतंय? किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर मात्र कुठल्याच पोशाखात पाण्यात उतरायचं नाही, मग नवरा विहिरीत पोहायला शिकलेला का असेना.

राहता राहिली लेक. मैत्रिणीकडे ठेवणार आहेस ते उत्तम. तिचं हेल्थ कार्ड आणि उपचारांना संमती देणारं तुम्हा दोघांच्या सहीचं पत्र त्या घरी देऊन जा. रोज तीनदा फोन करू नकोस. दहा वर्षांची आहे, तिला तिथे तुमच्यापेक्षा जास्त मजा येणार आहे.