उन्हाळ्यात कंपनी की मेनॉमिनींचं जंगल? एका वडिलांच्या पत्राला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. इतर वाचकांसाठी पत्राचा गोषवारा असा: चंद्रपूर भागात वनक्षेत्रपाल म्हणून तुम्ही निवृत्त झालात. मुलगी विस्कॉन्सिनला बी.एस. फॉरेस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षात आहे. शैक्षणिक कर्ज आहे आणि मामाचा आधार आहे. मामाच्या ओळखीने शिकागोच्या एका कंपनीत सस्टेनेबिलिटी विभागात उन्हाळी इंटर्नशिप मिळण्यासारखी आहे. पण तिला केशीना गावातल्या कॉलेज ऑफ मेनॉमिनी नेशन या आदिवासी कॉलेजात वन-परिसंस्था आणि शाश्वत विकासाच्या इंटर्नशिपला अर्ज करायचा आहे. तुम्ही विचारलंय, "जंगल आणि आदिवासीच बघायचे होते तर मेळघाट काय वाईट होता? आणि उद्या नोकरी मागताना त्या कागदाला कोण विचारणार?"

माझं मत असं, की दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा जंगलातच जावा. कंपनीचा अहवाल तिसऱ्या वर्षीही लिहिता येईल. मात्र मेनॉमिनींकडे अर्ज करण्याआधी एक अडचण नीट तपासायला हवी. त्या अडचणीकडे येतेच, पण आधी त्या जंगलाबद्दल बोलू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

तुम्ही जंगलातले माणूस, तेव्हा एक करा. मोबाइलवर नकाशा उघडून उपग्रहाचं चित्र लावा आणि ग्रीन बे शहराच्या वायव्येला सरका. शेतांच्या फिकट चौकटी संपून एकदम गर्द हिरवा, सरळ कडांचा तुकडा दिसेल. तोच मेनॉमिनी जमातीचा राखीव प्रदेश. सुमारे २ लाख ३५ हजार एकर, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जंगल. १८५४ आणि १८५६ च्या तहांनंतर एवढाच उरला. त्याआधी त्यांचा मुलूख याच्या कितीतरी पट होता.

हे जंगल न तोडल्यामुळे टिकलेलं नाही, आणि तुमच्यासारख्या माणसाने नेमकं हेच बघावं. १८९० च्या कायद्याने तोडीवर वर्षाला दोन कोटी बोर्ड फुटांची मर्यादा घातली गेली (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). १९०८ च्या कायद्यानंतर निओपिट या तिथल्या गावात जमातीसाठी आरागिरणी उभी राहिली. तिथे आजही लाकूड कापलं जातं. १८५४ पासून आतापर्यंत दोनशे कोटी बोर्ड फुटांहून जास्त लाकूड निघालं, तरी आज उभं असलेलं लाकूड त्या वर्षीच्या अंदाजापेक्षा जास्तच भरतं. जमातीचे प्रमुख ऑशकॉश यांच्या नावावर एक सूचना सांगितली जाते: उगवतीकडून मावळतीकडे तोडत जा, पिकलेलं, रोगट आणि पडलेलं झाड तेवढं घ्या, टोकाला पोचलात की मागे वळा, म्हणजे झाडं कधी सरणार नाहीत. आजचे वनाधिकारी काही शब्दशः तसं करत नाहीत. पांढऱ्या पाइनला उजेड लागतो, म्हणून त्याच्यासाठी वरचं छत्र टप्प्याटप्प्याने मोकळं करतात. मेपलच्या जंगलात निवडक झाडं काढतात. पण आधी जंगलाला काय पेलवेल ते ठरतं आणि मग गिरणीला काय मिळेल ते, हा क्रम त्यांनी सोडलेला नाही. आपल्याकडे कार्य आयोजना, म्हणजे वनखात्याचा व्यवस्थापन आराखडा, दहा वर्षांची असते आणि ती राबवणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याचा परिणाम नुसता ऐकीव नाही. उत्तर विस्कॉन्सिनमधली आदिवासींची जंगलं आणि शेजारची इतर जंगलं यांची तुलना करणारा वॉलर आणि रिओ यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. आदिवासींच्या जंगलांत झाडांचं आकारमान जास्त, रोपांची नैसर्गिक वाढ चांगली, वनस्पतींची विविधता अधिक आणि उपऱ्या प्रजाती कमी आढळल्या. तिथे हरणांनी रोपं खुडण्याचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे गुरांच्या चराईने होतं तसंच नुकसान.

आता मेळघाटचं. मेळघाटात तिला वाघ, साग आणि कोरकू गावं दिसली असती, खूप शिकताही आलं असतं. पण जंगलाची मालक जमात, नियोजन जमातीचं, वनाधिकारी जमातीच्या नोकरीत, गिरणी जमातीची आणि जवळच कॉलेजही जमातीचं, अशी पूर्ण साखळी तिथे बघायला मिळत नाही. तिच्या जवळ जाणारं आपल्याकडचं उदाहरण तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्यांना आज जी माणसं हवी आहेत, ती गावासोबत बसून मोजणी करणारी आणि गावाला समजेल असा आराखडा लिहिणारी. शंभर वर्षांहून जास्त काळ हेच करत आलेल्या लोकांकडे तुमची मुलगी शिकू पाहते आहे. तिने तुम्हाला हे अशा शब्दांत सांगितलं नसेल, पण तिच्या ओढीत तथ्य आहे.

अशा इंटर्नशिपमध्ये दिवसभर काय करतात, हेही तुम्ही विचारलंत. आठ-दहा आठवडे, एक मार्गदर्शक, स्वतःचा एक छोटा प्रश्न आणि शेवटी पोस्टर किंवा सादरीकरण, असा साधारण साचा असतो. पण बराचसा वेळ जातो मोजण्यात. तुम्ही छातीच्या उंचीवर घेर मोजत आलात. तिथे व्यास मोजतात, उंची तीच, साडेचार फूट. त्यांचा टेप खास असतो. त्यावरचा प्रत्येक 'इंच' खरं तर ३.१४ इंचांचा असतो, त्यामुळे खोडाभोवती गुंडाळला की थेट व्यासच वाचता येतो. टेप तिरका लागला किंवा खाली मॉस अडकलं तर आकडा फुगतो. कायमच्या नमुना प्लॉटमध्ये तेच झाड ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजतात. आधीच्या पिढीने लिहिलेल्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहायचा असतो, त्यामुळे हलगर्जी चालत नाही.

दुसरं काम कीड आणि रोगांचं. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात आणि अ‍ॅशचं झाड उभ्या-उभ्या वाळतं. भुंगा बाहेर पडतो तिथे सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं छिद्र राहतं. ते शोधायला नजर तयार व्हावी लागते. काळ्या अ‍ॅशच्या लाकडाच्या पट्ट्यांपासून त्या भागातल्या जमाती टोपल्या विणतात, म्हणजे झाडासोबत एक कलाही जाते. वनशास्त्र आणि माणसांचं जगणं यांची अशी गाठ वर्गात बसून कळत नाही.

या कॉलेजच्या शाश्वत विकास संस्थेचा विचारही याच धर्तीचा आहे. जमीन आणि सार्वभौमत्व, निसर्ग, संस्था, तंत्रज्ञान, अर्थव्यवहार आणि माणसांची दृष्टी व वागणूक अशा सहा अंगांनी ते प्रश्न मांडतात. यादीत जमीन आणि सार्वभौमत्व आहे, ते उगाच नाही. १९५४ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने या जमातीची मान्यताच काढून घ्यायचं ठरवलं आणि १९६१ मध्ये ते अमलात आलं. राखीव प्रदेश संपून एक गरीब काउंटी उरली, आणि पैसा उभा करायला तलावाकाठचे प्लॉट बाहेरच्यांना विकले गेले. जमातीच्याच एडा डीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा दिला, तेव्हा कुठे २२ डिसेंबर १९७३ रोजी मान्यता परत मिळाली. कॉलेज निघालं १९९३ मध्ये. हा इतिहास तुमच्या मुलीने अर्ज लिहिण्याआधी वाचलाच पाहिजे.

आता ती अडचण. आदिवासी कॉलेजात बिगर-आदिवासी विद्यार्थी शिकू शकतात, त्याला आडकाठी नाही. पण उन्हाळी इंटर्नशिपचा पैसा बहुधा अमेरिकी केंद्र सरकारकडून येतो. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू या, पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या योजनेतलं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला ते मिळणार नाही, तिचे गुण कितीही असोत. शिवाय अशा बऱ्याच जागा मुळात आदिवासी मुलांना विज्ञानाच्या वाटेवर आणण्यासाठी काढलेल्या असतात, आणि तसंच असायला हवं. ज्यांच्या आजी-आजोबांची ओळख कागदावरून पुसली गेली होती, त्यांच्या नातवंडांची जागा आपल्या मुलीने घ्यावी असं तुम्हालाही वाटणार नाही.

म्हणून तिने अर्ज करण्याआधी संस्थेला एक छोटी ईमेल लिहावी. "मी भारतीय विद्यार्थिनी आहे, एफ-१ व्हिसावर आहे. माझे वडील वनखात्यात होते. तुमच्या जागा कोणासाठी आहेत हे मला आधी समजून घ्यायचं आहे. आदिवासी विद्यार्थ्यांची जागा न अडवता मला काही शिकता येण्यासारखं आहे का?" एवढं पुरे. उत्तर 'नाही' आलं तर तिने दुसरी वाट बघावी: तिच्या विद्यापीठातल्या कोणा प्राध्यापकाचं मेनॉमिनी जंगलात किंवा इतर जमातींसोबत संशोधन चालू आहे का, आणि विद्यापीठाच्या पैशातून तिला मोजणी पथकात घेता येईल का. अनेकदा हेच दार लवकर उघडतं.

व्हिसाचं काम तिने कोणाच्या सांगण्यावर सोडू नये, मामाच्याही नाही. विद्यापीठाबाहेर पगारी काम करायचं तर सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी लागते, ती आय-२० वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर) कामाच्या पहिल्या दिवसाआधी चढलेली असावी लागते, आणि काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं हवं, ते तिचं झालंय. पैसे मिळणार नसले तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय 'स्वयंसेवक' म्हणून रुजू होऊ नये. शिकागोच्या कंपनीलाही हेच नियम लागू आहेत.

नोकरीचं सांगते, आणि इथे गोड बोलणार नाही. अमेरिकी वनसेवेसारख्या केंद्रीय खात्यांच्या नोकऱ्या सर्वसाधारणपणे नागरिकांसाठीच असतात. जमातींच्या आणि आदिवासी व्यवहार खात्याच्या भरतीत आदिवासींना प्राधान्य असतं. म्हणजे या इंटर्नशिपमधून केशीनातच नोकरी मिळेल, असं धरून चालू नका. तिला खुली असलेली क्षेत्रं म्हणजे वन सल्लागार कंपन्या, खासगी वनजमिनींचं व्यवस्थापन, वन प्रमाणीकरण, कार्बन प्रकल्पांची तपासणी आणि विद्यापीठातलं संशोधन. या ठिकाणी मुलाखतीत विचारतात ते साधं असतं: किती प्लॉट मोजलेस, कुठली झाडं सालीवरून ओळखतेस, आकडेवारी आर किंवा क्यूजीआयएस या संगणक प्रणालींमध्ये मांडता येते का. फील्डचा एक उन्हाळा ज्याच्याकडे नाही, तो फॉरेस्ट्रीचा उमेदवार तिथे कच्चा ठरतो. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या क्षेत्रात काम करण्याचं, एक वर्ष मिळतं, आणि २०२२ मध्ये फॉरेस्ट्री सरकारच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आल्यामुळे आणखी दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. तिच्या आय-२० वरचा अभ्यासक्रमाचा कोड त्या यादीत बसतो का, ते आजच बघायला सांगा. परत यायचं ठरवलं तर भारतीय वनसेवेच्या परीक्षेला फॉरेस्ट्रीची पदवी चालते. परदेशी पदवीची समकक्षता तेवढी करून घ्यावी लागेल.

"आदिवासी भागात मुलगी एकटी," ही तुमची काळजी मी समजते. पण तुम्ही स्वतः अशा गावांत घर करून राहिलात, तिथल्या माणसांनी तुम्हाला सांभाळलं, हे तुमच्याच पत्रात आहे. केशीनात मला धोका वाटतो तो गोचिडांचा. विस्कॉन्सिनमध्ये त्यांच्यापासून लाइम आजार होतो. पँट मोज्यात खोचायची, कपड्यांवर परमेथ्रिन मारायचं, संध्याकाळी अंग तपासायचं, हे रोज. आणि तिथे बस-रिक्षावर भागेल असं धरू नका, त्यामुळे गाडी चालवण्याचा परवाना मे महिन्याच्या आत हातात हवा. राहण्याची सोय कोण करतं, हे त्या ईमेलमध्येच विचारून घ्यावं.

तिथे गेल्यावर कोणाच्या विधींचे, औषधी झाडांचे किंवा घरांचे फोटो न विचारता काढू नयेत. ऐकलेलं ज्ञान स्वतःच्या नावावर कुठे लिहू नये, आणि संशोधन करायचं असेल तर कॉलेजची व जमातीची रीतसर परवानगी घ्यावी. तुमच्या नोकरीतले अनुभव तिला याबाबतीत माझ्यापेक्षा तुम्हीच चांगले सांगू शकाल. वनखातं आणि गाव यांच्यात कुठे बिनसतं, हे तिने वडिलांच्या तोंडून ऐकलेलं असलं तर ती तिथे जास्त समजून वागेल.

कंपनीला लगेच नकार कळवू नका. या वर्षाऐवजी पुढच्या उन्हाळ्यात घेतील का, एवढं मामांना विचारायला सांगा. अशा अर्जांच्या मुदती बहुधा हिवाळा संपता संपता येतात, म्हणून ईमेल याच आठवड्यात जाऊ द्या. अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, वाचून देईन.

तुमची,
करिअर मार्गदर्शक