७६ वर्षांच्या वडिलांची स्कूटर बंद करायची आहे, त्यांच्या मनाची तयारी कशी करावी?

वडील ७६ वर्षांचे, अजून स्कूटर चालवतात, कुणाचं ऐकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरात हे होऊन गेलंय आणि वाईट पद्धतीने झालंय, म्हणून लिहिते.

बाबा साताऱ्यात, शाहूपुरीत राहायचे. चेतक होती त्यांची. सकाळी राजवाड्यावरून भाजी, संध्याकाळी वाचनालय, मध्येच कुणाच्या तरी घरी चहा. पेट्रोल भरलं की वहीत तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. ही वही १९८७ पासूनची. ७८ व्या वर्षी ते गल्लीच्या तोंडाशी पडले. डावीकडून आलेली सायकल दिसलीच नाही म्हणाले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. मी ते फोनवर दादाला सांगितलं.

दादा गणपतीला पुण्याहून आला. दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेलेले असताना त्याने मेकॅनिकला बोलावलं आणि गाडी देऊन टाकली. बाबा बाहेर आले तर अंगणात नुसता ऑइलचा डाग. दादाने पाकीट पुढे केलं, "बारा हजार आलेत. आता रिक्षाने फिरा, पैसे मी देतो." बाबा काही बोलले नाहीत. पाकीट त्या वहीत ठेवलं आणि आरतीला उभे राहिले.

रिक्षा त्यांनी एकदाही केली नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन होती. पण रिक्षा करायची म्हणजे कुठे जायचं ते निघायच्या आधी ठरलेलं पाहिजे, आणि वाटेत कुणी दिसलं तरी थांबता येत नाही. बाबांचं अर्धं फिरणं न ठरवता व्हायचं. मग मला फोन यायला लागले, "तू इकडे येणारच असशील तर वाचनालयात सोडशील का?" दहावीच्या प्रत्येक पेपरला मला याच माणसाने सोडलं होतं, आणि आता तो माझ्याशी इतकं चाचरत बोलत होता. दिवाळीनंतर ते फोनही थांबले. वाचनालयाची पुस्तकं मीच बदलून आणायला लागले.

दादा आजही म्हणतो, "जीव तर वाचला ना?" वाचला. त्यांना काचबिंदू आहे हे नंतर निघालं, तेही सांगते. काचबिंदूत बहुतेकदा कडेची नजर आधी जाते, समोरचं नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही. म्हणजे गाडी बंद व्हायलाच हवी होती. पण दादा, तुला तेव्हा काचबिंदूचं काय माहीत होतं? तुला फक्त त्यांचं वय माहीत होतं.

डोळ्यांच्या तपासणीचा तो रिपोर्ट आधी आला असता आणि बाबांच्या हातात दिला असता, तर त्यांनी स्वतः चावी काढून ठेवली असती, याची मला खात्री आहे. आयुष्यभर आकडे लिहिलेला माणूस होता. डॉक्टरांनी काढलेला नजरेचा नकाशा त्याला समजला असता.

लायसन्सवर विसंबू नका. आपल्याकडे वरची वयोमर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो, पण पाच वर्षांत डोळ्यांचं खूप काही होऊ शकतं. मी स्वतः ६१ ची आहे, अॅक्टिव्हा चालवते. गेल्या वर्षापासून मंगळवार-शुक्रवार गाडी मुद्दाम घरी ठेवते आणि एसटीने किंवा पायी जाते. हात-पाय चालताहेत तोवर बस चढायची, कंडक्टरला विचारायची, थांब्यावर वाट बघायची सवय मोडायला नको. वडिलांबरोबर तुम्ही हेच सुरू करा. ७५ च्या पुढे एसटीत तिकीट लागत नाही, ऑगस्ट २०२२ पासून. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, नंतर जाऊ नका.

हे सगळं पडणं-झडणं थोडंथोडकं असेल तर. चक्कर येत असेल, साखर एकदम उतरत असेल, ओळखीच्या रस्त्यावर ते चुकायला लागले असतील, तर थांबू नका, आजच गाडी बंद करा. रागावतील, रागावू द्या. आणि नुसता मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारून ते परत चालवूही शकतील, त्यामुळे विकायची घाई नको.

पण विकायचीच वेळ आली, तर गिऱ्हाईक घरी बोलवा, खुर्ची अंगणात टाका आणि भाव वडिलांना करू द्या. कमी किमतीत दिली तरी मध्ये बोलू नका.