पहिली मालवाहू सायकल बनवताना

तीनचाकीच्या मोहात लगेच पडू नकोस. उभी असताना ती भक्कम वाटते, पण वळताना झुकत नाही, त्यामुळे वेगात आतलं चाक उचलतं. आधी डेन्मार्कची 'लाँग जॉन' ही दोनचाकी मालवाहू सायकल नीट बघ. हँडल आणि पुढच्या २० इंची चाकाच्या मधे सखल फळी, आणि हँडलपासून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत खालून गेलेला, चाक वळवणारा दांडा. वजन जमिनीलगत राहतं, म्हणून पोतं ठेवलं तरी सांभाळता येतं. खरी मेख त्या दांड्याच्या सांध्यांत आहे. तिथे जरा ढिलेपणा राहिला की हँडल थरथरतं, म्हणून तिथले बॉल जॉइंट (सगळ्या बाजूंना फिरणारे गोळीचे सांधे) चांगलेच घे, बाकी कुठेही काटकसर कर (ब्रेक सोडून!). स्टँड रुंद, दोन पायांचा. रंगबिंग नंतर. पहिली फेरी रिकाम्या गाडीने मार, आणि पुढच्या चाकाकडे बघत बसू नकोस, रस्त्याकडे बघ.