चीनच्या इन्शुरन्स मार्केटबद्दल, प्रेझेंटेशन करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा ड्राफ्ट वाचला, मेहनत दिसतेय. पण 140 कोटी लोकांपैकी एक टक्का जरी आपल्याकडे आले तर, हे गणित आधी काढून टाक. चीनमध्ये परदेशी विमा कंपनीला सगळा देश एकदम उघडून मिळत नाही, प्रत्येक प्रांतात शाखेसाठी वेगळी परवानगी लागते आणि खरा वेळ तिथेच जातो.

एआयए या विमा कंपनीचं बघ ना. 1919 ला शांघायमध्येच मूळ असलेला हा ग्रुप, कम्युनिस्ट राजवट आल्यावर बाहेर पडला, 1992 मध्ये परत लायसन्स मिळवलं तेही पूर्ण मालकीचं. बाकी बहुतेक परदेशी कंपन्यांना चीन डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) आल्यानंतरही लाइफ इन्शुरन्समध्ये 50 टक्क्यांच्या वर मालकी घेता येत नव्हती. तरी एवढी सवलत असलेली एआयए कितीतरी वर्षं शांघाय, बीजिंग, ग्वांगडोंग, शेनझेन, जियांगसू एवढ्यातच अडकून होती, सिचुआनला पोचायला 2021 उजाडलं! पण आहे त्या शहरांत त्यांनी एजंट नीट ट्रेन केले, घरोघरी जाऊन पॉलिसी विकायची पद्धत तिथे त्यांनीच रुजवली आणि माझ्या मते त्यांचं सगळं यश त्यातच आहे.

2020 पासून 100 टक्के मालकी चालते, त्याआधी 2019 ला 30 वर्षांच्या अनुभवाची आणि दोन वर्षं प्रतिनिधी ऑफिस चालवायची अटही गेली, म्हणून तू लिहिलंस की पार्टनरची गरजच नाही. थांब जरा. पार्टनर नाही म्हणजे त्याच्या ब्रँचेसही नाहीत, मग विकणार कोण? एएक्सा या फ्रेंच विमा कंपनीने 2012 मध्ये तिथल्या भागीदारीतला स्वतःचा हिस्सा 27.5 टक्क्यांवर आणला आणि आयसीबीसी या चिनी बँकेने 60 टक्के घेतले, कारण बँकेच्या काउंटरवरून पॉलिसी विकल्या जातात. कंट्रोल गेला पण ग्राहक मिळाले. उलट 50-50 भागीदारीत दोघांचं पटलं नाही की एमडी कोण यावरच वर्ष निघून जातं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं, म्हणून भांडण झालं तर शेवटचा शब्द कुणाचा ते करारात आधीच लिहून घ्यायला सांग, आणि निम्मी निम्मी मालकी शक्यतो नकोच.

पुढच्या ड्राफ्टमध्ये एकच प्रांत निवड, तिथे विकणार कोण ते लिही, आणि पहिली सात-आठ वर्षं तोटा झाला तरी तुमचं हेड ऑफिस पैसे घालत राहील का हे बॉसला सरळ विचार. उत्तर आलं की मला पाठव, मग आकडे एकत्र बसून बघू.

तुझा,
सर