नखे काढलेली मांजर आणि बाहेरचे जग

आपली मांजर नऊ महिन्यांची आहे, तिने सोफ्याचे दोन्ही हात फाडून ठेवले आहेत, लहान मुलाच्या हातावर एक-दोनदा ओरखडे उठले आहेत, आणि म्हणून तिच्या पुढच्या पायांची नखे शस्त्रक्रियेने कायमची काढून घ्यावीत व मग दिवसा तिला मोकळे बाहेर सोडावे, असा घरात विचार चालू आहे. तो योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, नखे काढू नका. आणि एखाद्या मांजरीची नखे आधीच काढलेली असतील, तर तिला एकटीला कधीही बाहेर सोडू नका. या दोन गोष्टी एकत्र करण्याचा बेत तिच्या जिवावर बेतू शकतो.

या शस्त्रक्रियेत नेमके काय होते, हे बहुतेकांना कोणी नीट सांगितलेलेच नसते. आपले नख बोटाच्या मांसावर बसलेले असते. मांजरीचे नख मात्र बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते. ते पुन्हा येऊ नये असे वाटत असेल, तर ते हाडच काढावे लागते. म्हणजे पुढच्या दोन पंजांच्या दहाही बोटांचे शेवटचे पेर सांध्यापासून कापले जाते. आपल्या बोटांची टोके शेवटच्या सांध्यापासून गेली, अशी कल्पना करून पाहा. आणि मांजर तर चालतेच बोटांवर. लेझरने केल्यास रक्तस्राव कमी होतो हे खरे, पण कापले जाणारे हाड तेच असते. नख बाहेर काढणारी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तेवढी कापायची, असाही एक पर्याय सुचवला जातो. त्यात नखे शाबूत राहतात, पण मांजरीला ती वापरता येत नाहीत, त्यामुळे ती जाड होत जातात आणि आयुष्यभर कापत राहावी लागतात. न कापल्यास वळून तळव्याच्या गादीत घुसतात.

मी पूर्वी एक प्रौढ मांजर सांभाळायला घेतली होती, जिची नखे आधीच्या घरात काढलेली होती. ती शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये पुढचा एक पाय ठेवी, लगेच उचलून झटके, दुसरा ठेवी, तोही झटके, आणि शेवटी बाहेर येऊन मऊ पायपुसण्यावर लघवी करी. मी कितीतरी दिवस तिला वाईट सवय लागली आहे असे समजत होते आणि तिला रागावतही होते, याचे मला आजही वाईट वाटते. क्ष-किरण तपासणीत दोन बोटांत हाडाचे तुकडे राहून गेल्याचे दिसले. तिला खडे टोचत होते, एवढेच. ते तुकडे काढल्यावर आणि ट्रेमध्ये अगदी बारीक, मऊ माती भरल्यावर तिचे बाहेर करणे पुष्कळ कमी झाले. हा अपवाद नव्हता, हे मला नंतर कळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नखे काढलेल्या मांजरींपैकी ६३ टक्के मांजरींच्या पंजांत असे अवशेष आढळले होते, आणि पाठदुखी, चावणे व ट्रेबाहेर घाण करणे हे त्रासही नखे शाबूत असलेल्या मांजरींपेक्षा त्यांच्यात जास्त दिसले होते.

मुलाच्या काळजीने आपण हा विचार करत असाल, तर त्यातले चावणे विशेष लक्षात घ्या. मांजर आधी पंजा उगारून सावध करते. ते साधन काढून घेतले की दात तेवढे उरतात. ओरखडा वरवरचा असतो, पण चावा खोल जातो आणि फार लवकर चिघळतो. अनेक देशांनी ही शस्त्रक्रिया उगाच बंद केलेली नाही. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ साली झालेल्या युरोपीय करारात ती निषिद्ध ठरली, ब्रिटनमध्ये वैद्यकीय कारणाशिवाय ती करता येत नाही, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. नखाला गाठ झाली किंवा बरा न होणारा संसर्ग झाला, तर त्या एका बोटापुरता पशुवैद्यांचा निर्णय वेगळा असू शकतो.

आता सोफ्याचे. ओरबाडणे हा खोडसाळपणा नाही. त्यातून नखावरचे जुने कवच गळते, पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास तिथे लागून जागा तिची होते. म्हणून तिला थांबवता येत नाही, पण दुसरी जागा देता येते. सिसलची किंवा सुंभाची दोरी घट्ट गुंडाळलेला खांब आणा. ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल इतका तो उंच हवा आणि अजिबात डुलता कामा नये, कारण एकदा अंगावर कलला की ती पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. तो कोपऱ्यात लपवू नका, फाटलेल्या हाताला लागूनच उभा करा, आणि सोफ्यावर काही आठवडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके कापा. ती झोपेतून उठून सुस्तावलेली असताना मांडीवर घ्या, बोट वरून व खालून हलकेच दाबा, नख बाहेर येईल. आतला गुलाबी भाग जिवंत असतो. त्याच्या पुढचे पांढरे टोक तेवढे कापा. पहिल्या दिवशी दोनच नखे झाली तरी पुष्कळ. अंगठ्याचे नख मात्र विसरू नका, ते झिजत नाही.

बाहेर सोडण्याबाबत माझे मत कडक आहे. कुत्रा मागे लागला की झाडावर किंवा भिंतीवर चढणे हाच मांजरीचा बचाव असतो आणि तो सगळा पुढच्या नखांवर अवलंबून असतो. पण नखे असली तरी वाहने, उंदरांचे विष, रेबीज आणि मारामारीच्या चाव्यातून पसरणारे विषाणू यांपासून ती तिला वाचवत नाहीत. लस आणि नसबंदी झाल्याशिवाय तर तिला दाराबाहेर जाऊच देऊ नका; नऊ महिन्यांची मांजर सहज गाभण राहते. बाहेरची ओढ खरी असते, ती नाकारू नये, म्हणून जाळी लावलेली गॅलरी किंवा खिडकी द्या, अथवा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून सोबत न्या. हार्नेस आधी नुसता तिच्या जेवणाजवळ ठेवा, मग घरातच काही मिनिटे घाला. ती आडवी पडून हलेनाशी होईल, तेव्हा ओढू नका. काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला.